स्वर्गात दंगा घालणारा वानर आणि त्याला रेखाटणारी माणसे

१)
जून १९६६. बीजिंगमधील त्सिंगहुआ विद्यापीठाशी संलग्न माध्यमिक शाळेत मोठ्या अक्षरांतील एक भित्तिपत्रक झळकले. ते लिहिणारी मुले शाळकरी वयाची होती. क्रांतिकारक म्हणजे सुवर्णदंड हाती घेतलेला वानरराज. त्या दंडाने जुने जग उलथून टाकायचे, असा त्या मजकुराचा आशय होता. ही मुले म्हणजे चीनमधील पहिले ‘रेड गार्ड’.

२)
तेथून हजार किलोमीटरहून अधिक दूर, शांघायमध्ये, याच वानरराजावर एक भव्य अॅनिमेशनपट दोनच वर्षांपूर्वी पूर्ण झाला होता. ज्या क्रांतीने या वानराचे नाव घेतले, त्याच क्रांतीत तो चित्रपट पेटीबंद झाला आणि तो घडवणारे कलाकार आरोपी ठरले. वानर वंदनीय आणि त्याचे चित्रकार दंडनीय, हे कोडे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

३)
या वानराचे नाव सुन वुकाँग. ‘वुकाँग’ म्हणजे शून्यतेचा बोध झालेला. ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीचा तो नायक. शंभर प्रकरणांची ही कादंबरी १५९२ मध्ये छापली गेली आणि तिचे कर्तृत्व सामान्यतः वू चंग-अन या लेखकाकडे दिले जाते. कादंबरीतली ‘पश्चिम’ म्हणजे युरोप नव्हे. ती पश्चिम म्हणजे भारत.

४)
कथेमागे एक खरी यात्रा आहे. बौद्ध भिक्षू युआन श्वांग इ. स. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाला आणि धर्मग्रंथ घेऊन ६४५ मध्ये परतला. या प्रवासात तो महाराष्ट्रातही आला होता. चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीचे आणि येथील स्वाभिमानी, उपकार न विसरणाऱ्या आणि अपमानाचा सूड घेणाऱ्या लोकांचे वर्णन त्याने केले आहे. मराठी वाचकाला हा भिक्षू शालेय पुस्तकातून ओळखीचा असतो; त्याचा काल्पनिक वानरशिष्य मात्र क्वचितच.

५)
भिक्षूच्या सोबतीला वानर आला तो लोककथांतून. सोंग काळातील एका कथाग्रंथात यात्रेकरू वानर आधीच दिसतो. त्याचे मूळ कोठले, यावर १९२०च्या दशकात चीनमध्ये वाद झाला. विद्वान हू शी यांना त्यात रामायणातील हनुमानाची छाया दिसली. लेखक लू शुन यांनी मात्र वुझ्छी नावाच्या चिनी जलदैत्याकडे बोट दाखवले. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

६)
हनुमानाशी तुलना करताना एक फरक ठळक दिसतो. हनुमान आरंभापासून भक्त आहे. सुन वुकाँग आरंभी बंडखोर आहे. शिळेतून जन्मलेला हा वानर पुष्पफल पर्वतावर वानरांचा राजा होतो. पूर्व सागराच्या नागराजाकडून तो हवा तसा लहानमोठा होणारा लोहदंड मिळवतो. स्वर्गाचा अधिपती जेड सम्राट त्याला अश्वशाळेच्या कारभाऱ्याचे पद देऊन त्याची बोळवण करतो. ते पद क्षुद्र असल्याचे कळताच वानर ‘स्वर्गतुल्य महर्षी’ ही पदवी स्वतःच धारण करतो आणि स्वर्गाला आव्हान देतो.

७)
कादंबरीत या बंडाचा शेवट पराभवात होतो. बुद्ध त्याला पर्वताखाली दाबून ठेवतात. पाचशे वर्षांनी भिक्षू त्याला सोडवतो आणि मग तो शिष्य बनून यात्रेत राक्षसांशी लढतो. म्हणजे एकाच ग्रंथात दोन वानर आहेत: आधीचा बंडखोर, नंतरचा शिष्य. विसाव्या शतकात प्रत्येक राजवटीने आणि प्रत्येक पिढीने या ग्रंथातून आपल्याला हवे ते प्रकरण उचलले. ती निवडच पुढील इतिहासाचा गाभा आहे.

८)
आता चित्रकारांकडे. वान लायमिंग आणि वान गुचान हे जुळे भाऊ १९०० मध्ये नानजिंग येथे जन्मले. त्यांच्या पाठचे दोन भाऊ म्हणजे चाओचेन आणि दिहुआन. शांघायमध्ये नोकरी करता करता या भावांनी चित्रे हलवण्याची विद्या स्वतःच्या प्रयोगांतून आत्मसात केली. १९२२ मध्ये त्यांनी चिनी टंकलेखन यंत्राची अॅनिमेशन जाहिरात केली. चीनमधील अॅनिमेशनचा आरंभ साधारणपणे तेथून मोजतात.

९)
१९२६ मध्ये त्यांनी एक लघुपट केला. त्यात चित्रकाराच्या फलकावरची आकृती जिवंत होऊन खाली उतरते आणि चित्रशाळेत धुमाकूळ घालते. चिनी शीर्षकाचा अर्थ ‘चित्रशाळेत दंगा’. पुढे वान लायमिंग यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या चित्रपटाचे शीर्षक ठरले ‘स्वर्गमहालात दंगा’. दोन्ही शीर्षकांत क्रियापद एकच आहे. मधे मात्र जवळपास चार दशके, दोन युद्धे आणि एक राज्यक्रांती होऊन गेली.

१०)
१९३७ च्या अखेरीस जपानी सैन्याने शांघाय घेतले. परकीय सत्तांच्या ताब्यातील वसाहती तेवढ्या शाबूत राहिल्या. चहूबाजूंनी जपानी अंमल आणि मधे हा तुकडा, म्हणून त्याला ‘अनाथ बेट’ म्हणत. याच बेटावर १९३८ मध्ये डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ दाखवला गेला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट चीनमध्येही होऊ शकतो, अशी ईर्षा वान बंधूंच्या मनात जागी झाली.

११)
त्यांनी निवडलेली कथा ‘पश्चिमेची यात्रा’मधलीच होती. ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ हा ७३ मिनिटांचा चित्रपट १९४१ मध्ये पडद्यावर आला. दोनशेहून अधिक कलाकार वर्षभराहून जास्त काळ त्यावर राबले. खऱ्या नटांचे चित्रण करून त्यावरून रेखाटने गिरवण्याचे तंत्रही त्यांनी वापरले. आशियातील हा पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट मानला जातो आणि त्यात सुन वुकाँग प्रमुख पात्रांपैकी एक आहे.

१२)
कथा अशी: यात्रेकरूंच्या वाटेत ज्वालांचा पर्वत आहे. तो विझवणारा पंखा वृषभासुराच्या पत्नीकडे आहे. मूळ कादंबरीत वृषभासुराला नमवण्यासाठी देवांचे सैन्य धावून येते. वान बंधूंनी येथे एक अर्थपूर्ण बदल केला. चित्रपटात भिक्षूचे तिन्ही शिष्य आणि होरपळलेले गावकरी एकजुटीने असुराला पाडतात. एकेकटा शिष्य हरतो. सगळे एकत्र आल्यावर विजय मिळतो. परचक्राखाली जगणाऱ्या प्रेक्षकाला या रूपकाचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नव्हती.

१३)
या यशानंतर वान लायमिंग यांना वानराच्या बंडाची कथा करायची होती. पण डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिका व ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि ‘अनाथ बेट’ही बुडाले. शांघायच्या वसाहतींत जपानी सैन्य शिरले. नियोजित चित्रपट कागदावरच राहिला. तो पडद्यावर येण्यास आणखी वीस वर्षे लागायची होती.

१४)
चित्रपटांचे प्रवास मात्र विचित्र असतात. जपानविरुद्धच्या एकजुटीचे रूपक असलेला ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ १९४२ मध्ये खुद्द जपानमध्ये दाखवला गेला. तो पाहणाऱ्यांत १९२८ मध्ये जन्मलेला एक शाळकरी मुलगा होता. त्याचे नाव ओसामू तेझुका. पुढे जपानी मांगाचा आणि दूरचित्रवाणीवरील अॅनिमेशनचा आद्य शिल्पकार म्हणून त्याचे नाव जगभर झाले.

१५)
त्या सुमारास जपानमध्येही पडद्यावर वानर होते, पण वेगळ्या जातीचे. मोमोतारो या लोककथेत पीचच्या फळातून जन्मलेला बालवीर कुत्रा, वानर आणि तितर यांना घेऊन राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. जपानी नौदलाच्या आश्रयाने दिग्दर्शक मित्सुयो सेओ यांनी या कथेचे युद्धपट केले. १९४३ च्या ३७ मिनिटांच्या पटात पर्ल हार्बरवरचा हल्ला आहे. एप्रिल १९४५ चा ‘मोमोतारो: समुद्राचे दैवी सैनिक’ हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट. त्यातला वानर गणवेश घालतो आणि आज्ञा पाळतो.

१६)
या दुसऱ्या चित्रपटात दक्षिणेकडील बेटांवरच्या प्राण्यांना गाण्यातून जपानी अक्षरे शिकवण्याचा प्रसंग आहे. दृश्य गोड आहे. मागचा हेतू साम्राज्याचा आहे. तेझुकाने हाही चित्रपट १९४५ मध्ये ओसाकात पाहिला आणि त्याच्या कलेने तो भारावला. एका मुलाच्या मनात असे दोन वानर शेजारी शेजारी येऊन बसले: स्वर्गाला न जुमानणारा चिनी वानर आणि सैन्याच्या शिस्तीत चालणारा जपानी वानर.

१७)
मोमोतारोच्या १९४३ च्या पटावर काम केलेला एक तरुण तंत्रज्ञ म्हणजे ताडाहितो मोचिनागा. युद्ध संपताना तो मांचुरियात होता. पराभवानंतर लगेच मायदेशी न परतता तो चिनी कम्युनिस्टांच्या ईशान्य चित्रपट स्टुडिओत राहिला आणि तेथील अॅनिमेशन विभाग उभारण्यास त्याने मदत केली. १९५० मध्ये हा विभाग शांघायला हलला. त्यातूनच १९५७ मध्ये शांघाय अॅनिमेशन फिल्म स्टुडिओ स्थापन झाला. नौदलाच्या वानराला हलवणारे हात अशा रीतीने नव्या चीनच्या कामी आले.

१८)
स्टुडिओचे प्रमुख व्यंगचित्रकार ते वेई होते. आरंभी येथील कलाकार सोव्हिएत शैलीचे अनुकरण करत. कावळ्याच्या काळेपणाची कथा सांगणारा त्यांचा एक रंगीत लघुपट १९५६ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, पण परीक्षकांना तो सोव्हिएत वाटला. हा गौरव कलाकारांना बोचला. आपली रेषा आपल्या मातीतली हवी, असा निश्चय झाला. त्याच वर्षी ते वेई यांनी ‘अहंकारी सेनापती’ या लघुपटात पेकिंग ऑपेराच्या मुखवट्यांचा आणि चालींचा उपयोग केला.

१९)
वान लायमिंग मधल्या काळात हाँगकाँगला होते. १९५०च्या दशकात ते शांघायला परतले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांना जुने स्वप्न पुरे करण्याची संधी मिळाली. ‘स्वर्गमहालात दंगा’चा पहिला भाग १९६१ मध्ये आणि दुसरा १९६४ मध्ये पूर्ण झाला. पहिला भाग घडत होता तेव्हा चीन ‘मोठी झेप’ या धोरणानंतरच्या भीषण दुष्काळातून जात होता. अशा दिवसांत हजारो रेखाटनांचा हा प्रपंच सरकारी स्टुडिओ चालवत होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२०)
वानराचे रूप ठरवण्याचे काम ज्येष्ठ कलावंत झांग ग्वांगयू यांच्याकडे आले. नववर्षाची लोकचित्रे, दारावरचे द्वारपाल, मंदिरातील शिल्पे आणि ऑपेराची रंगभूषा यांतून त्यांनी प्रेरणा घेतली. त्यावरून मुख्य अॅनिमेटर यान दिंगशियान यांनी हलवता येईल असे सुटसुटीत रूप सिद्ध केले: पीचच्या फळासारखा चेहरा, फिकट पिवळा अंगरखा, गळ्याशी हिरवा रुमाल, कमरेला व्याघ्रचर्म, तांबडी विजार आणि काळे बूट. आजही चिनी माणसाच्या डोळ्यांपुढे सुन वुकाँग येतो तो बहुधा याच वेषात.

२१)
चित्र हलवणे म्हणजे काय, हेही येथे पाहावे. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. संगणक नव्हते, प्रत्येक हालचाल हाताने रेखाटायची, पारदर्शक पत्र्यावर उतरवायची, रंगवायची आणि एकेक करून छायाचित्रित करायची. या चित्रपटासाठी सुमारे ७०,००० रेखाटने झाल्याचे सांगतात. वानराची पावले ढोल-झांजांच्या ठेक्यावर पडतात. उडी मारून तो क्षणभर थबकतो, जसा ऑपेराचा नट मुद्रा घेऊन थबकतो. छ्यू युएफंग यांच्या आवाजाने त्यात मिस्कीलपणा भरला.

२२)
चित्रपटातील स्वर्ग म्हणजे एक अवाढव्य कचेरी आहे. तेथे दरबारी आहेत, पदव्या आहेत, खुशामत आहे. वानराला पद द्यायचे ते त्याला बांधून ठेवण्यासाठी; सन्मान द्यायचा तो त्याची जागा दाखवण्यासाठी. जेड सम्राट शांत, स्थूल आणि कपटी आहे. वानर पीचच्या बागेतील अमरफळे खातो, मेजवानी उधळतो, पकडला जातो. त्याला ४९ दिवस भट्टीत घालतात. तो जळत नाही, उलट अग्नीसारखे डोळे घेऊन बाहेर येतो.

२३)
आणि येथे वान लायमिंग यांनी निर्णायक बदल केला. कादंबरीतील बुद्ध चित्रपटात येतच नाहीत. पर्वत कोसळत नाही, पाचशे वर्षांची कैद होत नाही. वानर स्वर्गमहाल उद्ध्वस्त करतो, सम्राट जीव मुठीत धरून पळतो आणि विजयी वानर आपल्या पर्वतावर, आपल्या प्रजेत परततो. चारशे वर्षे हरत आलेल्या बंडखोराला पडद्यावर प्रथमच असा निखळ विजय मिळाला.

२४)
या विजयाचे दोन अर्थ निघू शकत होते. क्रांतीने सत्तेवर आलेल्या राज्याला त्यात जुन्या सरंजामशाहीचा पराभव दिसत होता. पण तोवर ते राज्य स्वतःच सिंहासनावर बसले होते. मग महाल कोणाचा आणि सम्राट कोण? पुढे काही समीक्षकांनी जेड सम्राटात थेट माओंची छाया शोधली. कलाकारांच्या मनात ते होते असे मानण्याचे कारण नाही. परंतु रूपक एकदा पडद्यावर गेले, की त्याचा अर्थ रेखाटणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

२५)
माओ त्से तुंग यांना हा वानर मनापासून प्रिय होता. सुन वुकाँग आणि श्वेतास्थी राक्षसीवरील एक ऑपेरा गाजत असताना नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी त्यावर कविताही केली. राक्षसी तीनदा वेष पालटते, वानर तिला तीनदा ओळखतो आणि फसलेला भिक्षू त्यालाच हाकलून देतो, अशी ती कथा. सोव्हिएत संघाशी चीनचे बिनसत होते. माणसाच्या रूपातला राक्षस ओळखणारा वानर त्या वादात फार उपयोगी होता.

२६)
मार्च १९६६ मध्ये माओंनी सहकाऱ्यांशी बोलताना गावोगावी आणखी सुन वुकाँग निर्माण होऊन त्यांनी स्वर्गमहालात दंगा घालावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. जुलैमध्ये पत्नी जियांग छिंग यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच्या स्वभावात मुख्यतः वाघ आणि काही अंशी वानर असल्याचे म्हटले. मधल्या जून महिन्यात शाळकरी मुलांचे ते भित्तिपत्रक लागले. सम्राटाच्याच आसनावरून बंडाची हाक आली होती.

२७)
कलाक्षेत्रातले वारे मात्र आधीच फिरले होते. रंगभूमीवर आणि पडद्यावर सम्राट, सेनापती, विद्वान आणि सुंदरी यांचेच राज्य आहे, अशी माओंची टीका १९६३ च्या अखेरीसच झाली होती. देव-दानवांच्या जुन्या कथा सांगणे संशयास्पद ठरू लागले. ‘स्वर्गमहालात दंगा’चा दुसरा भाग १९६४ मध्ये पुरा झाला खरा, पण दोन्ही भाग मिळून तो थाटाने लोकांसमोर आला नाही.

२८)
सांस्कृतिक क्रांती सुरू होताच शांघायच्या स्टुडिओतील निर्मिती जवळपास ठप्प झाली. ते वेई यांना एकांतकोठडीत डांबले गेले आणि नंतर खेड्यात डुकरे राखण्यास धाडले गेले. वानराच्या रूपाचा पाया घालणारे झांग ग्वांगयू १९६५ मध्येच निवर्तले होते. पडद्यावर जो पर्वत वान लायमिंग यांनी कोसळू दिला नाही, तो पडद्याबाहेर चित्रपटावर आणि त्याच्या कलाकारांवर कोसळला.

२९)
सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर येथे हाती लागते. सत्तेला बंडखोर हवा असतो तो भाषणात आणि घोषणेत, कारण घोषणेतला वानर कोणाच्या डोक्यावर दंड हाणायचा हे सांगेल तसे ऐकतो. कलेतला वानर असा ऐकत नाही. त्याला चेहरा असतो, विनोद असतो, स्वतःची बुद्धी असते. तो पदवीमागचा पिंजरा ओळखतो. रेड गार्ड तरुणांचा अनुभवही याहून निराळा नव्हता: काम झाल्यावर १९६८ च्या अखेरीपासून त्यांच्यापैकी लाखोंना खेड्यांत पाठवून देण्यात आले.

३०)
१९७६ मध्ये माओंचे निधन झाले आणि महिन्याभरात जियांग छिंग यांच्यासह ‘चौकडी’ला अटक झाली. आता व्यंगचित्रांतून श्वेतास्थी राक्षसी म्हणून जियांग छिंगच रंगवल्या जाऊ लागल्या. वानराचा दंड पुन्हा एकदा नव्या दिशेला वळला. ‘स्वर्गमहालात दंगा’ पेटीतून बाहेर निघाला आणि १९७८ मध्ये लंडन चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. वान लायमिंग तेव्हा ७८ वर्षांचे होते.

३१)
१९८५ मध्ये शांघाय स्टुडिओने सुन वुकाँगवर आणखी एक पूर्ण लांबीचा चित्रपट केला. दिग्दर्शकांत यान दिंगशियान आणि लिन वेनशियाओ यांच्यासह ते वेई होते. कथा निवडली तीच, श्वेतास्थी राक्षसीची. येथे वानर विजयाच्या उन्मादात नाही. तो खरे बोलतो, धन्याला खोटा वाटतो, शिक्षा भोगून निघून जातो आणि संकटात हाक आल्यावर परत येतो. डुकरे राखून परतलेल्या कलावंताने ही कथा का निवडली असेल, याचा तर्क प्रेक्षकाने करावा.

३२)
तिकडे जपानमध्ये तेझुकाच्या मनातला वानर वाढतच होता. १९५२ ते १९५९ या काळात त्याने सुन वुकाँगवर मांगा लिहिला. जपानी उच्चारात नाव झाले सोन गोकू. त्यावरून तोएई स्टुडिओने १९६० मध्ये चित्रपट केला. नायकाची प्रिया शेवटी मरण पावावी, असा शोकान्त तेझुकाला हवा होता. स्टुडिओने सुखान्त ठेवला. या अनुभवानंतर त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १ जानेवारी १९६३ रोजी ‘अॅस्ट्रो बॉय’ दूरचित्रवाणीवर आला. जपानी अॅनिमे उद्योगाची घडी त्या मालिकेने बसवली.

३३)
१९८४ मध्ये अकिरा तोरियामा यांनी ‘ड्रॅगन बॉल’ सुरू केला. त्याच्या नायकाचे नाव सोन गोकू. त्याला शेपूट आहे, लांबणारा दंड आहे, उडता ढग आहे. पौर्णिमेचा चंद्र पाहिला की तो महाकाय वानर होतो. जगभरातील, भारतातीलही, कोट्यवधी मुलांनी शांघाय वा युआन श्वांगचे नाव ऐकण्यापूर्वी हा वानर पाहिला. येथे मात्र स्वर्गाशी भांडण उरलेले नाही. उरली आहे अधिकाधिक सामर्थ्यवान होण्याची निरागस ओढ.

३४)
नोव्हेंबर १९८८ मध्ये शांघायला आंतरराष्ट्रीय अॅनिमेशन महोत्सव झाला. आजारी तेझुका तेथे गेला आणि ८८ वर्षांच्या वान लायमिंग यांना भेटला. बालपणी ज्यांचा चित्रपट शत्रुराष्ट्रात बसून पाहिला, त्यांच्यासमोर तो उभा होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसारित झालेला एक विशेष चित्रपट त्याच्या आयुष्यावर होता. त्यात लहानगा तेझुका ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ पाहताना दिसतो. शीर्षकाचा अर्थ ‘मी सोन गोकू’.

३५)
वान लायमिंग १९९७ मध्ये गेले. २०१२ मध्ये त्यांचा चित्रपट दुरुस्त आणि त्रिमित रूपात पुन्हा झळकला. २०१५ मध्ये तियान शियाओपेंग दिग्दर्शित ‘वानरराज: नायकाचे पुनरागमन’ने सुमारे ९५ कोटी युआन कमावले. त्यातला सुन वुकाँग थकलेला आहे, त्याची शक्ती बेडीत जखडलेली आहे आणि एक लहान मूल त्याच्यावर विश्वास ठेवते. स्पर्धेने दमलेल्या नव्या चिनी पिढीला हा हरलेला वानर आपला वाटला.

३६)
१९४१ मध्ये एकजूट, १९६४ मध्ये बंड, १९८५ मध्ये न्याय, २०१५ मध्ये सावरणे: वानर तोच, प्रकरण वेगळे. प्रत्येक काळाने त्याच्याकडून आपले म्हणणे वदवून घेतले. ते म्हणणे विरून गेले, भित्तिपत्रकेही फाटली. पडद्यावर मात्र पिवळा अंगरखा आणि हिरवा रुमाल घातलेला तो वानर अजून उडी मारतो, झांज वाजते, क्षणभर तो थबकतो आणि स्वर्गाकडे मान वर करून पाहतो. तो पर्वताखाली नाही. कारण शांघायमध्ये एका वृद्ध चित्रकाराने त्याला तसा रेखाटला होता.